मेंबरांचे नातू

खुर्ची बसण्यासाठी असते या गोष्टीवर सबंध ब्रिस्टल शहरात एकाच माणसाचा विश्वास नव्हता, आणि तो माणूस नेमका आमच्या मराठी मंडळाचा सभासद होता. मंडळाच्या बैठका ज्या हॉलमध्ये होतात तिथे भिंतीला लावून चाळीसेक खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. डॉक्टरकाका सगळ्यांच्या आधी अर्धा तास येत, त्या खुर्च्या समोरासमोर दोन बाजूंना मांडत, मधोमध अध्यक्षांचं टेबल ठेवत, आणि मग बैठक संपेपर्यंत त्यातल्या एकाही खुर्चीकडे फिरकत नसत. कोणी फारच आग्रह केला तर टेकल्यासारखं करत आणि तीन मिनिटांत उठून खिडकी उघडत, ती पुन्हा लावत, रेडिएटरला हात लावून बघत, फायर एक्झिटवरची सूचना परत एकदा वाचून येत. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं. हजारो माणसांना स्वस्थ झोपवणारा हा गृहस्थ स्वतः कधी स्वस्थ बसला असेल असं मला वाटत नाही, आणि काकूंना तर खात्रीच आहे.

या उभं राहण्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. कोकणातल्या त्यांच्या गावात अजूनही त्या घराला 'मेंबरांचं घर' म्हणतात आणि पोस्टमनला तेवढा पत्ता पुरतो. कायदे कौन्सिलात सभासद उभा राहूनच बोलतो, आणि बोलतो तेही अध्यक्षांना उद्देशून, हा नियम डॉक्टरकाकांनी लहानपणीच उचलला. पुढे तो जेवणाच्या टेबलालाही लागू केला. आमटीत मीठ कमी असलं तर ते उठून उभे राहून सांगत. फोन आला तर उभे राहून घेत, आणि मी फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "उभी आहेस का?" मी हो म्हटलं की, "मग बोल." काकू सांगतात, लग्नानंतर पहिल्याच सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "चहा मिळावा अशी सूचना मी मांडतो." काकू म्हणाल्या, "अनुमोदन कोणाचं?" त्यावर ते इतके खूश झाले की चहा त्यांनीच केला. काकूंच्या मते त्यांचा संसार त्या एका प्रश्नावर टिकला.

मी मंडळाची सेक्रेटरी. ज्या बैठकीत माझी निवड झाली तिला मी गैरहजर होते, आणि निवड होण्याचं कारणही तेच. पुण्याहून मी इथे विमानांच्या पंखांचं काम करायला आले. पाच वर्षांत तीन घरं बदलली, दोनदा व्हिसा वाढवून घेतला, आणि अजूनही माझ्या अर्ध्या वस्तू खोक्यांतच आहेत, कारण उद्या कुठे जावं लागेल याचा नेम नाही. कुठेही गेले तरी दाराजवळची जागा धरायची मला सवय आहे. मिनिट्स लिहायचं काम अर्ध्या पानात उरकेल आणि मी निघून जाईन, अशी माझी कल्पना होती. पहिल्याच बैठकीत डॉक्टरकाकांनी गणपतीच्या मोदकांबद्दल दहा दिवस आधी लेखी नोटीस दिलेला प्रश्न विचारला: यंदाचे मोदक उकडीचे ताजे असणार की स्लाऊच्या दुकानातून फ्रोझन येणार, आणि फ्रोझन येणार असल्यास त्यामागील धोरण काय? खजिनदार म्हणाला, "काका, अजून ठरलं नाहीये." काकांनी ताबडतोब पुरवणी प्रश्न टाकला: "ठरलेलं नाही हे ठरवून ठरलेलं नाही, की ठरवायचं राहून गेलं म्हणून?" खजिनदार नागपूरचा, बँकेत रिस्कचं काम करतो, सहसा हटत नाही. तोही म्हणाला की लेखी उत्तर देतो. माझी मिनिट्स त्या दिवशी साडेसहा पानं झाली, आणि त्यात 'सभासदांनी ऐका, ऐका असे म्हटले' हे वाक्य काकांच्या आग्रहाखातर घालावं लागलं, जरी ते त्यांनी एकट्यानेच म्हटलं होतं.

बैठकीत ते मला "सेक्रेटरीबाई, आपण" म्हणत आणि बाहेर कार पार्कमध्ये पोचलो की "अगं ए, स्कार्फ घे नीट." हा बदल दाराच्या उंबरठ्यावर होई, तिथे ते क्षणभर थांबत. सगळ्यांत कठीण प्रकार होता मतविभागणीचा. हात वर करून ठराव पास करणं त्यांना गावंढळपणाचं वाटे. त्यांच्या नियमाप्रमाणे, एकाही सभासदाने मागणी केली तर सगळ्यांनी उठून बाजूला व्हायचं: बाजूने असतील त्यांनी किचनच्या दाराकडे, विरोधात असतील त्यांनी फायर एक्झिटकडे. मग मी मोजायचं. सुरुवातीला लोक वैतागले. पण आमच्यातल्या बहुतेकांचा दिवस स्क्रीनसमोर बसून जातो. हळूहळू त्यांना त्यात मजा वाटायला लागली. किचनच्या बाजूला सामोशांचा वास यायचा, त्यामुळे आमच्याकडे बरेचसे ठराव पास होत, ही गोष्ट वेगळी.

हे सगळे नियम काकांनी घेतले ते एका पुस्तकातून. हिरव्या कापडी बांधणीचं, तळहाताएवढं, कौन्सिलच्या कामकाजाचं नियमपुस्तक. ते काकूंच्या जुन्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात असे. आजोबांनी समासात बारीक पेन्सिलीने टिपणं केली होती. 'येथे घाई करू नये.' 'आवाज चढवू नये, सरकारी सभासद हसतील.' 'पहिल्याच बैठकीत घाटातल्या रस्त्याचा प्रश्न.' काका ही टिपणं मंत्रासारखी म्हणून दाखवत. एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाने आजोबा कौन्सिलात प्रत्यक्ष काय बोलले ते कधीच सांगितलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी एकदा विचारलंही होतं, की त्या रस्त्याचं पुढे काय झालं? काका म्हणाले, "रस्ता झाला असणार," आणि खिडकी उघडायला गेले.

मग त्यांची नात ईशा ब्रिस्टलच्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. काकांच्या मुलाची मुलगी; आईबाप एडिनबराला, ही इथे शिकायला आली ती इथेच राहिली. तिचं मराठी आमच्यापेक्षा गोड आणि थोडं वाकडं. तिने लीफलेटमध्ये एक ओळ घातली होती, की माझ्या घराण्यात लोकसेवा शंभर वर्षांची आहे, माझे खापरपणजोबा कायदेमंडळाचे सभासद होते. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे मिनिट्स तपासून घ्यायला गेले होते तेव्हा ती आली. "आबा, माझी इलेक्शन एजंट विचारते, कुठली साल आणि कुठली सीट? ती म्हणते, प्रिंट करायच्या आधी सोर्स पाहिजे. पुढच्या शुक्रवारी प्रिंटरला जाणार."

काका उभेच होते, तरी पुन्हा उभे राहिल्यासारखे झाले. "सोर्स? गावातल्या कुठल्याही पोराला विचार म्हणावं."

"आबा, ती गावाला कशी जाणार? इथे सेंट पॉल्सला राहते ती." ईशा हसली. "एक कागद बस आहे."

"बघतो," काका म्हणाले, आणि बागेत गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. ते कुंपणापर्यंत जात होते आणि परत येत होते. काकू म्हणाल्या, "आता चार दिवस गवत उगवायचं नाही तिथे."

मंगळवारी सकाळी मला फोन आला. उभी आहेस का, हे न विचारता म्हणाले, "गुरुवारी सुट्टी काढशील का? लंडनला जायचंय, तिथल्या मोठ्या ग्रंथालयात. काकूला सांगू नकोस, तिला वाटेल माझ्या डोळ्यांचं पुन्हा काहीतरी निघालंय." मोटरवेवर त्यांनी मला तीन ठिकाणी सर्व्हिसेसला थांबायला लावलं. कॉफी घेतली नाही, नुसते गाडीभोवती फिरले आणि परत बसले. कौन्सिलचं नाव नाही, आजोबांचं नाव नाही. मी आपली बडबड करत होते, कारण शेजारी गप्प बसलेले डॉक्टरकाका ही परिस्थिती मला नवीन होती. रेडिंगच्या पुढे त्यांनी एकदाच विचारलं, "त्या ग्रंथालयात कार्ड लागतं ना?" मी म्हटलं, त्याचा अर्ज मी कालच ऑनलाइन भरलाय. ते म्हणाले, "हं. हुशार आहेस," आणि हे कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही.

त्या मोठ्या ग्रंथालयात पेन न्यायला बंदी, कोट बाहेर, सामान पारदर्शक पिशवीत. हिरवं नियमपुस्तक पिशवीत ठेवताना त्यांनी पैठणीच्या तुकड्याची घडी तीनदा केली. आम्ही मागितलेले जाड खंड तासाभराने आले. एकात कौन्सिलच्या सभासदांच्या याद्या, एकामागून एक, मतदारसंघांसकट. मी बसले, काका माझ्या खुर्चीमागे उभे. मी आडनावांवरून बोट फिरवत गेले. आमचा जिल्हा आला, त्यापुढे दुसरंच नाव होतं. पुढची यादी घेतली. तिथेही दुसरं. त्याच्या पुढचीही. "सरकारनियुक्त बघ," काका हलकेच म्हणाले. तेही बघितले. "पोटनिवडणूक?" तीही बघितली. टेबलाशी काम करणाऱ्या एका बाईंनी येऊन काकांना नम्रपणे विचारलं, की आपल्याला बसायला खुर्ची हवी का? काका म्हणाले, "नो, थँक यू, आय ॲम वेटिंग फॉर समवन."

ते सापडले दुसऱ्या खंडात. तिथे निवडणुकांचे निकाल होते, उभ्या राहिलेल्या सगळ्या उमेदवारांचे. आमच्या जिल्ह्याखाली तीन नावं. वर निवडून आलेला. त्याच्या खाली दुसरा. सगळ्यांत खाली आजोबा, वडिलांच्या नावासकट, गावाच्या नावासकट, चुकूनही दुसरं कोणी असू शकणार नाही असे. मतं पहिल्याच्या निम्मीही नव्हती. मी बोट ठेवून वर बघितलं. काकांनी वाकून वाचलं. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात त्यांनी पायसुद्धा हलवला नाही, आणि मला ते बघवेना. मला वाटलं, उठा ना काका, जाऊन एखादी खिडकी उघडा.

परतीच्या वाटेवर ते बोलायला लागले ते सरळ समोर बघत. "मी पहिल्यांदा लंडनला परीक्षेला आलो ना, तेव्हाच चौकशी करून ठेवली होती हे सगळं कुठे बघायला मिळतं त्याची. दारापर्यंत गेलो. परत फिरलो. त्यानंतर चारपाच वेळा तरी गेलो असेन. काकूला सांगायचो, कॉन्फरन्स आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं गं. शंका होती. बाबा कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत. एवढा मेंबर बाप, आणि मुलगा एक शब्द बोलत नाही?" त्यांनी खिशातून ते पुस्तक काढलं. "पहिल्याच बैठकीत घाटातल्या रस्त्याचा प्रश्न. मी समजत होतो, हे त्यांनी तिथे बसून लिहिलं. त्यांनी हे निवडणुकीच्या आधी लिहिलंय. निवडून येणारच असं धरून, सगळे नियम पाठ करून ठेवले होते." मग एका लॉरीमागे आम्ही बराच वेळ अडकलो होतो तेव्हा म्हणाले, "गावात त्यांना मेंबर म्हणायचे, ते चेष्टेनं म्हणत असतील का गं?"

मी म्हटलं, "काका, ईशाला सांगा ती ओळ काढून टाक. बाकी कोणाला कळायची गरजच नाही. मंडळात कोण विचारणार आहे?" हे मी मनापासून म्हटलं होतं आणि आजही मला त्यात फार चूक वाटत नाही. काका म्हणाले, "सेक्रेटरीबाई, मी तिथे नियम शिकवतो." गाडीत त्यांनी मला सेक्रेटरीबाई म्हटल्याची ही एकच वेळ.

ईशाला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं आणि ती ओळ गेली. मंडळाची वार्षिक सभा दोन आठवड्यांनी होती. अध्यक्षांकडे त्यांची लेखी नोटीस आली: 'वैयक्तिक खुलासा करण्याची परवानगी असावी.' सभेत एकेचाळीस माणसं होती, ईशाही शेवटच्या रांगेत येऊन बसली. काका उठले. कागद हातात होता पण त्यांनी तो वाचला नाही. म्हणाले, "अध्यक्षमहाराज, गेली अनेक वर्षं या सभागृहात मी वारंवार सांगत आलो की माझे आजोबा कायदे कौन्सिलचे सभासद होते. ते सभासद नव्हते. ते निवडणुकीला उभे होते आणि पडले. तिसरे आले. माझ्याकडून सभागृहाची दिशाभूल झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. ह्याची नोंद व्हावी."

कोणालाच कुठे बघावं कळेना. मग आमचा खजिनदार उठला. सुरुवातीला जो उठायलाही तयार नसायचा तो कोटाचं बटण लावून उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्षमहाराज, माझी अशी सूचना आहे की काकांचा हा खुलासा मिनिट्समध्ये घेऊ नये. आमच्यासाठी ते मेंबरांचेच नातू आहेत." एकदम सात-आठ जणांनी अनुमोदन दिलं. कोणीतरी खरोखरच 'ऐका, ऐका' म्हणालं. मी काकांकडे बघितलं तर ते संतापले होते.

"मी मतविभागणी मागतो," ते म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. जवळजवळ सगळी सभा किचनच्या दाराकडे गेली, आणि त्या दिवशी सामोसे नव्हते. काका एकटे फायर एक्झिटखाली जाऊन उभे राहिले, खांदे ताठ, नजर समोर. काकू कुठे जातात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्या पर्स सावरत किचनकडे गेल्या. "यांच्याविरुद्ध मत द्यायची संधी परत कधी मिळणार?" त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि रुमालाने डोळे पुसले. ईशा अजून खुर्चीतच होती. ती उठली, मधली सगळी मोकळी जमीन ओलांडून गेली आणि काकांच्या शेजारी उभी राहिली. "हे खरं आहे, तर लिहायला पाहिजे," ती म्हणाली. सेक्रेटरीने मत द्यायचं नसतं, मी फक्त मोजायचं, हा काकांचाच नियम. मी मोजलं. मग पेन टेबलावर ठेवलं आणि फायर एक्झिटकडे गेले. दाराजवळची जागा मला सवयीची आहे, पण त्या दिवशी तिथून निघून जावंसं वाटलं नाही.

काकांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. "नियमबाह्य आहे," ते पुटपुटले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

ठराव मोठ्या बहुमताने पास झाला. आम्ही तिघं हरलो. काका अध्यक्षांच्या टेबलाशी गेले, सभागृहाचा निर्णय मान्य असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ईशाला म्हणाले, "बघ, कोणी चेष्टेनं नाही म्हणत गं हे. माझ्या आजोबांना पण गावात मेंबर बहुतेक असंच म्हणत असतील." आणि नेहमीसारखे खिडकी उघडायला गेले.

निवडणुकीत ईशाही हरली, थोडक्यात. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला ते हिरवं पुस्तक दिलं, पैठणीच्या तुकड्यासकट. तिला त्यातली मराठी टिपणं नीट वाचता येत नाहीत. मी तिला वाचून दाखवते आणि ती प्रत्येकाखाली पेन्सिलीने इंग्रजीत लिहून घेते. परवा बघितलं तर शेवटच्या कोऱ्या पानावर तिचं स्वतःचं एक टिपण होतं, तिच्या वॉर्डातल्या बसमार्गाबद्दल, पहिल्या बैठकीत विचारायचं म्हणून.

काका-काकू गेल्या हिवाळ्यात एडिनबराला मुलाकडे राहायला गेले. आमच्या बैठका आता वीस मिनिटांत आटपतात. हात वर होतात, ठराव पास होतो, खुर्च्या परत भिंतीशी जातात, आणि मग इतक्या लवकर घरी जाऊन काय करायचं ते मला कळत नाही. मी कार पार्कमध्ये उगाच दोन फेऱ्या मारते. सभागृहाच्या निर्णयाप्रमाणे तो खुलासा मिनिट्समध्ये नाही, आणि नियम मी मोडणार नाही. पण नोंद व्हावी असं त्यांनी म्हटलं होतं, म्हणून ती इथे करते आहे: त्यांचे आजोबा सभासद नव्हते. तिसरे आले होते.

हे लिहून झाल्यावर मी एडिनबराला फोन लावला. पलीकडे पावलांचा आवाज येत होता, लाकडी जमिनीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"उभी आहेस का?"

मी कधी उठले होते ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. "हो काका."

"मग बोल."